तालिकापत्रापासून ओपॅकपर्यंत : मराठी वाचकाच्या दृष्टीने एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
ग्रंथ कपाटात आहे, परंतु तालिकेत सापडत नाही. अशा वेळी वाचकापुरता तो ग्रंथालयात नसल्यासारखाच असतो. चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्ये लेखक, शीर्षक वा विषय यांपैकी एक गोष्ट ठाऊक असलेल्या वाचकास ग्रंथ मिळवून देणे हे तालिकेचे उद्दिष्ट मानले. डॉ. रंगनाथन यांच्या १९३१ मधील पंचसूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याचे आहे. या निकषांवर ऑनलाइन तालिकेची वाटचाल तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यंत्रवाचनीय नोंदी व कोहा :
अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६० च्या दशकात 'मार्क' हा यंत्रवाचनीय आराखडा सिद्ध केला व नोंदींची देवाणघेवाण सुलभ झाली. तथापि तालिकेचा पडदा कसा असावा, हे दीर्घकाळ आज्ञावली विकणाऱ्या कंपन्याच ठरवीत. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली सन २००० मध्ये चालणार नव्हती. म्हणून ट्रस्टने काटिपो कम्युनिकेशन्सकडून वेब-आधारित प्रणाली तयार करून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती कार्यान्वित झाली व मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली करण्यात आली. 'कोहा' या माओरी शब्दाचा अर्थ भेट असा आहे. तालिकेचे रूप बदलण्याचा अधिकार यामुळे ग्रंथालयांकडे आला.

मराठी लेखनाचा प्रश्न :
हा अधिकार मराठी ग्रंथसंग्रहासाठी विशेष मोलाचा आहे. १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या लेखननियमांनी अनेक अनुस्वार गाळले. त्यामुळे जुन्या मुखपृष्ठावरील 'पुस्तकें' आणि आजच्या वाचकाने टंकलेले 'पुस्तके' हे यंत्राच्या दृष्टीने दोन भिन्न शब्द ठरतात. तालिकापत्रे चाळणारा ग्रंथपाल हा भेद सहज ओलांडत असे; यंत्र मात्र सांगितल्याखेरीज तो ओलांडत नाही. रोमन लिप्यंतराने अडचण वाढते, कारण शास्त्रीय पद्धतीत 'केळकर' या नावाच्या शेवटी 'अ' हा स्वरही लिहावा लागतो. सामान्य वाचक तो लिहीत नाही. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या नोंदी तर रूपांतराविना शोधता येत नाहीत.

उपाययोजना :
मार्कमध्ये याची सोय आहे. क्षेत्र २४६ मध्ये शीर्षकाची अन्य रूपे व क्षेत्र ८८० मध्ये पर्यायी लिपीतील नोंद देता येते. नामप्राधिकार नोंदीत 'पाहा' संदर्भ जोडता येतात. कोहामध्ये शोधाचे नियम व पडद्यावरील मांडणीही बदलता येते. परंतु पडदा मराठी केला आणि नोंदी तशाच ठेवल्या, तर बदल केवळ दर्शनी ठरतो.

समारोप :
आज्ञावली विनामूल्य मिळू शकते. तालिकाकाराचे श्रम तसे मिळत नाहीत. नियमांपूर्वीच्या मराठी ग्रंथांची पर्यायी शीर्षके नोंदविणे हे वेळखाऊ काम आहे. ते टाळल्यास महाविद्यालयांतील जुना संग्रह सुरक्षित राहूनही अभ्यासकांच्या दृष्टीआड जाईल. संगणकीकरणाचे मूल्यमापन केवळ नोंदींच्या संख्येवर न करता वाचकाला ग्रंथ सापडतो किंवा नाही, या कटर यांच्याच निकषावर होणे आवश्यक आहे.