दावा चालू आहे, पण चुलीचं काय?

दावा चार-चार वर्षं चालतो. पोरांच्या पोटाला तारीख देता येत नाही. म्हणून निकाल लागेस्तोवर द्यायच्या पैशाला, अंतरिम पोटगीला, महत्त्व आहे. दोस्तहो, हा हक्क कसा आला ते नीट समजून घ्या.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होतं. बायकोपोरांना टाकलं तर मॅजिस्ट्रेट महिना जास्तीत जास्त ५० रुपये बांधून देई. १९२३ ला ते १०० झाले, १९५५ ला ५००. यात बाईचा हक्क कमी, सरकारची धास्ती जास्त : टाकलेली बाई भीक मागत रस्त्यावर येऊ नये. घटस्फोट झाला की तेही बंद.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात घटस्फोट आणि पोटगी हक्क म्हणून मांडले. बिल अडवलं. १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्याचं हे एक मोठं कारण. पुढं तुकड्यातुकड्यानं कायदे आले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ नं दावा चालू असताना पोटगी आणि कोर्टखर्च मागता येऊ लागला. कमाई नसलेल्या नवऱ्यालाही. १९५६ ला आपण बौद्ध झालो, तरी लग्नाला कायदा हाच लागतो.

१९७३ च्या संहितेतल्या कलम १२५ नं घटस्फोटितेलाही पोटगी दिली. पण मर्यादा ५०० चीच, आणि अंतरिमबद्दल चकार शब्द नाही. १९८५ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, मॅजिस्ट्रेटला तो अधिकार आहे. कायद्यात ते उतरायला २००१ उजाडलं. मर्यादा गेली. अंतरिम अर्ज ‘शक्यतो’ ६० दिवसांत निकालात काढायचं ठरलं. त्या ‘शक्यतो’त बायांची वर्षं गेली.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या दाव्यात सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०२० ला सांगितलं : दोघांनी मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. १ जुलै २०२४ पासून कलम १२५ च्या जागी नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे.

आता आपल्या वस्तीत बघू. सभेत हिंदू कोड बिलावर तासभर बोलणारा घरी पगारपत्रक लपवतो, तेव्हा आपण गप्प बसतो. ‘कार्यकर्ता आहे, बदनामी नको’ म्हणतो. मग बिल अडवणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय? पुढच्या तारखेला त्या बाईबरोबर कोर्टात कोण जातंय, ते आधी ठरवा.