परवान्याचें पुस्तक

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलांतील साग बाजाराकडे निघतो तो दोन खुणा घेऊन. ओंडक्याच्या अंगावर हातोड्याचा शिक्का, आणि गाडीवाल्यापाशीं वाहतूक परवाना. तपासणी नाक्यावरील शिपायास झाड कोठें तुटलें हें पाहतां येत नाहीं. त्यास दिसते ती केवळ खूण. ती नोंदलेल्या खुणांपैकीं असली तर माल पुढें जातो, नसली तर अडतो.

ह्या व्यवस्थेला आजचें रूप १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें दिलें. पाया १८७८ च्या कायद्याचा. मालकीची खूण कशी नोंदवावी, नोंद किती मुदतीची असावी, एका इसमाच्या नांवें किती खुणा असाव्यात, ह्याचे नियम करण्याचा अधिकार कलम ४१ नें सरकारास दिला. खोटी खूण करणारास कलम ६३ प्रमाणें दोन वर्षांपर्यंत कैद. संगणकांतही आज विश्वसनीय प्रमाणपत्रांची पेटी असते. आज्ञावलीनें तींत नवें प्रमाणपत्र घालतां येतें, जुनें काढतां येतें, आणि मुदत संपलेलें बाद होतें. दोहोंकडे भांडणाचें मूळ एकच : पेटीची किल्ली कोणाच्या हातीं असावी?

हें भांडण १९८२ सालीं चांद्यापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत पेटलें. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) हें गोंडांचें लहानसें गांव. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूस गौण वनोपज ठरविलें, आणि २००९ सालीं ह्या ग्रामसभेस सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु जुन्या वन कायद्याच्या व्याख्येंत बांबू म्हणजे झाड! तेव्हां वनखातें परवाना देईना. बांबू गांवाचा खरा, पण शिवेबाहेर पडला कीं चोरीचा. मौजच म्हणावयाची, मात्र गांवच्या मजुरीचा व मिळकतीचा प्रश्न तींत अडकला होता.

अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढा गांवीं आले आणि परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें. हातोडा खात्याकडेच राहिला. पण नाक्यानें ज्याची सही मानावयाची त्या यादींत एक नांव वाढलें. २०१२ च्या सुधारित नियमांनीं असे परवाने देण्याचें काम ग्रामसभेच्या समितीकडे सोंपविलें. २०१७ सालीं बांबू झाडाच्या व्याख्येंतून गळाला, तरी जंगलांत उगवलेला बांबू वनोपजच राहिला.