गळ्याशी आलेला इतिहास

माझ्या मानेला आजवर कोणी नावं ठेवली नव्हती. ती थोडी आखूड आहे आणि बायकोच्या मते चुकीच्या वेळी हलते. पण ती 'उघडी' आहे, असा आरोप पहिल्यांदा झाला तो एका गोल्फ क्लबच्या फाटकावर.

त्याचं असं झालं, की आमच्या साडूंनी निवृत्तीनंतर गोल्फ सुरू केला. निवृत्त माणूस एक तर गीता वाचतो, नाही तर दुसऱ्याला सुधारतो. साडूंनी दुसरा मार्ग धरला आणि एका रविवारी पहाटे मला खेळ दाखवायला नेलं. माझ्या अंगात खादीचा पांढरा सदरा होता. स्वच्छ, कडक इस्त्रीचा, पण बिनकॉलरचा. फाटकावरचा बाबू अदबीनं म्हणाला, "सर, कॉलर नाहीये."

"कोणाची?" म्हणून मी मागे वळून पाहिलं.

साडूंचा चेहरा असा झाला, की जणू मी पंगतीला सोवळ्याऐवजी टॉवेल गुंडाळून बसलो आहे. आतल्या दुकानात कॉलरचे शर्ट मिळत होते. पण किंमत ऐकून मी सदऱ्याचंही वरचं बटण लावून घेतलं. शेवटी झाडाखाली उभा असलेला एक कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा पोरगा, पुढे आला. "साहेब, माझा घाला. कालच धुतलाय." हिरवा शर्ट, कॉलर जराशी विरलेली, पण कॉलर. तो चढवला आणि मी सभ्य झालो. इतका सभ्य, की थोडं आत जाताच एका गृहस्थांनी आपली पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. कॉलरचं नाव त्या यादीत नाही, म्हणून घरी येऊन मी तिच्या मागे लागलो.

गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम 1744 सालचे, स्कॉटलंडमधल्या लीथचे. एकूण तेरा. चेंडू पाण्यात गेला तर काय करावं, माणसानं, घोड्यानं किंवा कुत्र्यानं अडवला तर काय करावं, हे सगळं त्यात आहे. घोडा-कुत्रा आठवला, पण शर्ट कोणाला आठवला नाही! 2023 पासून हे नियम पंचवीस झाले. त्यांतही कॉलरचं नाव नाही. कपड्यांचं काय ते ज्याचा त्याचा क्लब ठरवतो.

लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर मात्र गोल्फ खेळणाऱ्यानं कमरेच्या वर लाल कपडा घातलाच पाहिजे, असा नियम आहे आणि तो आजही पाळतात. ते मैदान सर्वांचं. हवा खायला आलेल्यांना लांबूनच कळावं, की इकडे चेंडू उडताहेत. दुसऱ्याचं डोकं फुटू नये म्हणून केलेला नियम मला एकदम पटला. माझ्या उघड्या गळ्यानं कोणाचं डोकं फुटणार होतं, ते मात्र अजून कळलेलं नाही.

एकोणिसाव्या शतकातले साहेब जाडजूड लोकरी कोट आणि टाय घालून गोल्फ खेळत. म्हणजे शेला-पागोट्यासकट विहिरीत सूर मारण्यातलाच प्रकार. टेनिसवालेही लांब बाह्यांच्या शर्टात घामाघूम होत. या जाचाला कंटाळला तो रेने लाकोस्त नावाचा फ्रेंच टेनिसपटू. 1926 साली अमेरिकेतल्या स्पर्धेत तो आखूड बाह्यांचा, जाळीदार विणीचा, मऊ कॉलरचा सुती शर्ट घालून उतरला. ही कॉलर रुबाबाची नव्हे, सोयीची. उभी केली की मानेला ऊन लागत नाही. मगरीच्या कातड्याच्या बॅगेवरून लागलेल्या एका पैजेमुळे त्याला 'मगर' म्हणत. 1933 साली त्यानं आंद्रे जिलिए या विणमालाच्या कारखानदाराबरोबर हे शर्ट विकायला काढले आणि छातीवर ती मगर बसवली.

आता हा शर्ट गोल्फच्या मैदानावर गेला कसा? एक वाट तर त्याच्या घरातूनच जात होती. लाकोस्तची बायको सिमोन हिनं लग्नाआधी, 1927 साली, ब्रिटिश महिलांची हौशी गोल्फ स्पर्धा जिंकलेली. मुलगी कॅथरीन हिनं 1967 साली हौशी खेळाडू असूनही व्यावसायिकांना मागे टाकून अमेरिकन महिला ओपन मारली. अशा घरात टेनिसच्या शर्टाला गोल्फ परका कसा राहणार?

आणि या शर्टाला आपण म्हणतो काय, तर 'पोलो शर्ट'. पोलो साहेबांनी उचलला मणिपुरी लोकांकडून. 1859 साली सिल्चरला त्यांनी त्याचा क्लब काढला आणि पुढे खेळ विलायतेला नेला. म्हणजे शर्ट टेनिसचा, नाव पोलोचं, पोलो मणिपूरचा, आणि अडवलं मला गोल्फनं! बरं, उभ्या पट्टीच्या, न दुमडलेल्या गळ्याचा लाल शर्ट घालून टायगर वुड्सनं 2019 साली मास्टर्स जिंकली, तेव्हा त्याला फाटकावर कोणी थांबवल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं मी साडूंना ऐकवणार होतो, पण मध्येच वडील आठवले. ते कचेरीत कारकून. त्यांच्या वडिलांचा जन्म बाराबंदीत गेला, तिला कॉलर नव्हती आणि तिच्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. वडिलांचं अडे. त्यांचा शर्ट आधी कॉलरलाच विरायचा. मग आई ती उसवायची, उलटी करून पुन्हा शिवायची. झिजलेली बाजू आत, चांगली बाहेर. त्या कॉलरवर वडील आणखी दोन वर्षं साहेबापुढे मान वर करून उभे राहत. पांढरपेशा म्हणतात तो हाच. त्यामुळे कॉलरला हसताना माझं हसू जरा अर्ध्यावरच थांबतं.

पुढच्या रविवारी शर्ट परत द्यायला गेलो. म्हटलं, "त्या दिवशी तू दुसरा घातलास ना?"

"दुसरा कुठला, साहेब? क्लबचा एकच मिळतो. बिनकॉलरचं आम्हालाही आत सोडत नाहीत. बसलो बनियनवर झाडाखाली."

म्हणजे माझ्या सभ्यपणापायी याची दिवसाची मजुरी बुडाली होती. मी ती त्याच्या हातात ठेवली. नको-नको म्हणत त्यानं घेतली. मग शर्ट उलगडून बघतच राहिला. "साहेब, कॉलर विरली होती की हो! नवी लावली?"

"नवी नाही रे. बायकोनं उलटवली. आमच्या घरातली जुनी विद्या आहे."

त्यानं शर्ट घातला, कॉलर नीट केली, साडूंची पिशवी खांद्यावर टाकली आणि दोघं आत गेले. मी झाडाखाली बसून राहिलो. अंगात तोच खादीचा सदरा होता.