गॅल्व्हेस्टनची भिंत

सन १८९१ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेच्या टेक्सास संस्थानांतील गॅल्व्हेस्टन येथील एका दैनिकांत एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक आयझॅक क्लाइन हा सरकारी हवामानखात्याचा त्या शहरांतील मुख्य अधिकारी होता. वय तिशीच्या आंतबाहेर, वैद्यकाची पदवी घेतलेली, कामांत अत्यंत दक्ष. वेस्ट इंडीज बेटांकडून येणारीं चक्रीवादळें वातावरणाच्या सामान्य नियमांप्रमाणें टेक्सासकडे वळत नाहींत. मागें दोन आलीं तीं अपवाद समजावीं. आणि समुद्राच्या लाटांपासून या शहराला भय आहे ही समजूत निव्वळ भ्रम होय, असें त्यानें शास्त्राच्या आधारानें प्रतिपादन केलें होतें. शहरवासीयांस हा लेख रुचला असल्यास नवल नाहीं. आपणांस जें हवें तेंच शास्त्रानेंही सांगावें, याहून सुखकर तें काय?

गॅल्व्हेस्टन हें मेक्सिकोच्या आखाताच्या कांठीं एका लांबट, अरुंद, रेताड बेटावर वसलेलें आहे. एका बाजूस आखात, दुसऱ्या बाजूस उपसागर, आणि त्या काळीं शहराची उंचांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून नऊ फुटांहून कमीच. ज्या अमेरिकन कापसाच्या टंचाईनें १८६१ ते १८६५ पर्यंत आमच्या मुंबईवर सोन्याचा पाऊस पाडला, त्याच कापसाच्या निर्यातीवर हें बंदर गबर झालें होतें. १९०० च्या शिरगणतींत तेथील लोकसंख्या ३७,७८९ भरली.

वर ज्यांस अपवाद म्हटलें आहे तीं दोन वादळें कोणतीं, हें सांगितलें पाहिजे. याच किनाऱ्यावर नैर्ऋत्येस इंडियानोला नांवाचें बंदर होतें. १८७५ सालीं वादळानें तें उद्ध्वस्त केलें. लोकांनीं पुनः घरें उभारलीं. १८८६ सालीं दुसरें वादळ आलें, त्यांतच आगही लागली, आणि इंडियानोलाची वस्ती कायमची उठली. तें पाहून गॅल्व्हेस्टनमधील कांहीं व्यापाऱ्यांनीं समुद्राच्या अंगास भिंत बांधण्याची कल्पना काढली होती. परंतु खर्चाची गोष्ट निघाली आणि उत्साह ओसरला. तेव्हां एकट्या क्लाइनला दोषी धरणें न्यायाचें होणार नाहीं. त्यानें शहराला निश्चिंत केलें हें खरें, पण शहर आधींच निश्चिंत होऊं पाहत होतें.

असला प्रकार केवळ अमेरिकेंतच घडतो असेंही नव्हे. ‘सायक्लोन’ हा शब्द इंग्रजीला दिला तो कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यानें, १८४८ सालीं. मातला नदीवर नवें बंदर बांधण्याचा बेत सरकारनें केला तेव्हां वादळाची लाट तें बुडवील, असें त्यानें १८५३ त गव्हर्नर-जनरलला लिहून कळविलें होतें. बंदर बांधलेंच गेलें, आणि १८६७ त तें बुडालेंही. पिडिंग्टन त्यापूर्वींच मरण पावला होता.

१९०० च्या सप्टेंबरच्या आरंभीं एक वादळ क्यूबा बेटावरून गेलें. हव्हाना येथें बेलेन नांवाची जेसुइट पाद्र्यांची वेधशाळा होती. तेथील फादर बेनिटो व्हिन्येस यानें, १८९३ त मरेपर्यंत, ढगांच्या आणि लाटांच्या निरीक्षणावरून वादळाची दिशा ओळखण्याची विद्या फारच पुढें नेली होती. तिच्यांत तयार झालेल्या क्यूबन लोकांचें मत असें पडलें कीं, हें वादळ आखातांत शिरून टेक्सासकडे जाईल. परंतु १८९८ च्या युद्धानंतर क्यूबा अमेरिकेच्या ताब्यांत आलें होतें. आणि क्यूबन ज्योतिषी उगीच लोकांस भिववितात असें ठरवून वॉशिंग्टनच्या हवामानखात्यानें त्यांच्या वादळविषयक तारांवर बंदी घालविली होती. खात्याच्या गणिताप्रमाणें वादळ फ्लॉरिडाकडे वळणार होतें. तें वळलें नाहीं.

शनिवार ता. ८ सप्टेंबर रोजीं सकाळीं गॅल्व्हेस्टनला वारा उत्तरेचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा होता. अशा वाऱ्यानें पाणी मागें हटावें. तें उलट चढत होतें. दूरच्या वादळानें पुढें लोटलेल्या दीर्घ लाटा वाऱ्याला न जुमानतां किनाऱ्यावर येत होत्या. क्लाइनला हें विपरीत दिसलें, त्यानें तशी तार वॉशिंग्टनला केली, आणि त्याच्या स्वतःच्या वृत्तांताप्रमाणें तो गाडींत बसून किनाऱ्यावरील लोकांस सावध करीत हिंडला. या शेवटल्या गोष्टीविषयीं पुढील अभ्यासकांनीं शंका घेतली आहे. मुलें मात्र रस्त्यांवर आलेल्या पाण्यांत खेळत होतीं. दुपारीं मुख्य भूमीशीं जोडणारे पूल निकामी झाले, तारा तुटल्या. संध्याकाळीं वाऱ्याचा वेग ताशीं १०० मैलांवर जाऊन तो मोजणारें यंत्रच उडून गेलें. वारा आग्नेयेकडे फिरला आणि समुद्र शहरांत शिरला. पंधरा फुटांहून अधिक उंचीचें पाणी सारें बेट गिळून गेलें. क्लाइनच्या भक्कम घरांत पन्नासेक माणसें आश्रयाला आलीं होतीं. त्यांपैकीं अठरा वांचलीं. त्याच्या तिन्ही मुली वांचल्या, गर्भवती पत्नी बुडाली.

समुद्रकांठच्या सेंट मेरी अनाथालयांत ९० मुलें आणि १० जोगिणी होत्या. जोगिणींनीं कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्यांनीं मुलांस आपल्या अंगाशीं बांधून घेतलें. तीन मुलगे वांचले. ते एका झाडाला अडकले होते. बाकीचीं सारीं गेलीं. पुढें कांहीं जोगिणींचीं प्रेतें मिळालीं तेव्हां मुलें बांधलेल्या दोऱ्या तशाच होत्या.

किनाऱ्यालगतचीं घरें मोडून त्यांच्या सामानाचा प्रचंड ढीग लाटांनीं शहरांत लोटला. लोटतां लोटतां तो इतका उंच झाला कीं, त्याच्या आड असलेलीं घरें टिकलीं. गॅल्व्हेस्टनची पहिली भिंत अशी वादळानेंच बांधली, आणि तिच्यांत घरांबरोबर माणसेंही चिणलीं गेलीं. मृतांचा आंकडा सहा हजारांच्या खालीं कोणी धरीत नाहीं. पुष्कळसे आठ हजार मानतात.

रविवारीं नगराध्यक्षानें साहाय्यक समिति नेमली. कांहीं लोक एका लहानशा बोटीनें मुख्य भूमीवर गेले आणि वाट काढीत ह्यूस्टनला पोहोंचले. त्यांनीं पांचशें माणसें मेल्याची बातमी दिली, तीही अनेकांस अतिशयोक्ति वाटली. प्रेतें इतकीं होतीं कीं पुरायला जागा व हात पुरेनात. तेव्हां सुमारें सातशें प्रेतें एका पडावावर लादून, वजनें बांधून समुद्रांत सोडण्यांत आलीं. हें काम सुमारें पन्नास नीग्रो मजुरांकडून, बंदुकीच्या धाकानें व दारू पाजून करवून घेतलें. दुसऱ्याच दिवशीं प्रेतें किनाऱ्यावर परत येऊं लागलीं. मग जागोजाग चिता पेटल्या, त्या कित्येक आठवडे जळत होत्या. आम्हांस दहन हा नित्याचा संस्कार आहे. ज्या समाजाच्या मनांत दफनावांचून सद्गति नव्हती, त्याला हें किती जड गेलें असेल याची कल्पना आपण करावी. त्याच दिवसांत बाहेरचीं पत्रें नीग्रो लुटारूंच्या भडक व फुगविलेल्या कथा छापीत होतीं. प्रेतें कोण उचलीत होतें याची हकीकत तितक्या ठळक अक्षरांत आली नाहीं.

अमेरिकन रेड क्रॉसची संस्थापिका क्लारा बार्टन वयाच्या ७८ व्या वर्षीं तेथें धांवून आली. तिनें अन्नवस्त्राची व्यवस्था तर केलीच, पण शेतकऱ्यांस स्ट्रॉबेरीचीं रोपें लाखांनीं मिळवून दिलीं. लोकांस पुढील हंगामाची चिंता असते, हें तिला ठाऊक होतें.

जी भिंत महाग म्हणून नाकारली होती ती आतां कर्ज काढून उभारावी लागली. योजना करणाऱ्या तिघां स्थापत्यविशारदांत हेन्री रॉबर्ट हा एक होता. सभेच्या कामकाजाचे नियम ज्याच्या नांवानें इंग्रजी जगांत चालतात तोच हा. पायाशीं १६ फूट रुंद, १७ फूट उंच आणि तीन मैलांहून लांब अशी ही भिंत १९०४ त पुरी झाली. लाट आपटून वर फिरावी म्हणून तिचें तोंड अंतर्वक्र ठेवलें होतें. पण भिंतीपेक्षांही विलक्षण काम तिच्या मागें चाललें होतें. दोन हजारांवर इमारती स्क्रूच्या जॅकांवर उचलल्या. तीन हजार टनांचें सेंट पॅट्रिकचें देऊळ सातशें जॅकांनीं पांच फूट वर नेलें. आणि खालीं समुद्रांतील वाळूचा रेंदा भरून शहरच उंच केलें. १९११ पर्यंत लोक फळ्यांच्या उंच पायवाटांवरून ये-जा करीत होते. भराव सार्वजनिक खर्चानें झाला; घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्यानें करावा, असा नियम होता. खाऱ्या रेंद्यांत झाडें मेलीं, तीं शहरांतील स्त्रियांनीं संघ स्थापून पुनः लाविलीं.

१९१५ च्या ऑगस्टांत त्याच तोडीचें वादळ आलें. शहरांत मेलेल्यांची संख्या दहाच्या आसपास राहिली. तोंवर व्यापार मात्र निघून चालला होता. १९१४ त ह्यूस्टनपर्यंत खोल जलमार्ग झाला आणि जहाजें गॅल्व्हेस्टनवरून पुढें जाऊं लागलीं. भिंतीपुढची पुळणही लाटांनीं झिजविली. क्लाइन न्यू ऑर्लिन्सला बदलून गेला होता. तेथें वादळाच्या अगोदर येणाऱ्या लाटांचा व भरतीचा अभ्यास त्यानें पुढें अनेक वर्षें केला. म्हणजे त्या शनिवारीं सकाळीं जें डोळ्यांनीं पाहिलें होतें त्याचाच. १८९१ चा लेख त्यानें पुनः कधीं वाचला कीं नाहीं, कोण जाणे.

२००८ च्या सप्टेंबरांत आइक नांवाचें वादळ आलें तेव्हां भिंत ढळली नाहीं. पाणी मागच्या बाजूनें, उपसागरांतून शहरांत आलें. त्या खाऱ्या पाण्यानें सुमारें चाळीस हजार झाडें वाळलीं. भरावानंतर लाविलेले जुने ओक वृक्षही त्यांत होते. कित्येक घरमालकांनीं वाळलेलीं खोडें तोडलीं नाहींत; कारागिरांकडून त्यांवर पक्षी, मासे आणि माणसें कोरून घेतलीं.