आडनावातले झाड

आमच्या भागातून नागपूरला शिकायला गेलेल्या अनेकांच्या तोंडी ‘हिस्लॉप’ हा शब्द कायमचा बसला. तो आधी एका माणसाचे आडनाव होता, हे मात्र थोड्यांच्याच लक्षात राहिले. त्या आडनावाचा अर्थ काय, हा प्रश्न मला उशिरा पडला आणि त्याचे पहिले उत्तर मी चुकीचे दिले. तिरोड्यातल्या एका छोट्या कार्यक्रमात मी ठोकून दिले, की ‘स्लोप’ म्हणजे उतार. उतारावर राहणारे ते हिस्लॉप. टाळ्या पडल्या. पुढे जुनी रूपे तपासायला बसलो, तेव्हा त्या टाळ्यांची लाज वाटली.

हे आडनाव हिस्लॉप, हायस्लॉप, हेस्लॉप अशा रूपांत आढळते. त्याचे मूळ जुन्या इंग्रजीत आहे. ‘हॅसेल’ म्हणजे हेझल, कठीण कवचाचे फळ देणारे झुडूप. आणि ‘होप’ म्हणजे डोंगरांत शिरलेली लहान, बंदिस्त दरी. दोन्ही मिळून हेझलची दरी. ‘स्टॅनहोप’ या नावातही हाच ‘होप’ आहे; तिथे अर्थ दगडांची दरी. तेव्हा ‘हिस्लॉप’मधला ‘स’ झाडाचा आहे, उताराचा नव्हे.

स्कॉटलंडचे आडनाव असून ते गेलिक कसे नाही? कारण दक्षिणेच्या सीमाभागात इंग्रजीच्याच कुळातली बोली शतकानुशतके नांदत आली. उलट टायरमुळे घरोघरी पोहोचलेले ‘डनलॉप’ हे नाव गेलिक आहे. त्याचा आरंभीचा ‘दुन’ म्हणजे गढी किंवा टेकडी. शेवट दोन्हींचा ‘लॉप’, पण घराणी वेगळी. कानावर विसंबणाऱ्या संशोधकाचा पाय इथेच घसरतो. माझाही घसरला होता.

स्टीफन हिस्लॉप हे त्याच सीमाभागातल्या बर्विकशायरमध्ये, डन्स गावी 1817 साली जन्मले. 1845 मध्ये ते मिशनरी म्हणून नागपूरला आले. धर्मप्रसार हा त्यांचा उद्देश होता आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण त्याच माणसाने इथले खडक, जीवाश्म आणि लोकबोली यांचा चिकाटीने अभ्यास केला. 1863 साली टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. मागे राहिलेली त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत गोंडांचे लिंगोगीत आहे. त्यांच्या नावाचे कॉलेज निघाले ते नंतर, 1883 साली.

झाडाचे आडनाव लावणारा हा माणूस ज्यांची गाणी उतरवून ठेवत होता, त्या समाजातही झाडांची आडनावे होती. गोंडीत ‘टेका’ म्हणजे साग, त्यावरून टेकाम. ‘मरका’ म्हणजे आंबा, त्यावरून मरकाम. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या ग्रंथात ही कुळे नोंदवली आहेत. साम्य इथवरच. हिस्लॉप हे राहत्या जागेवरून पडलेले नाव आहे. टेकाम हे कुळाचे नाव आहे. ते कुणाशी सोयरीक जुळते आणि कुणाशी नाही हे सांगते, आणि कुळाच्या झाडाला जपायला लावते. त्या नावात पत्ता नाही, नाते आहे.

आमच्याकडचे टेंभुर्णे हे आडनाव पहिल्या प्रकारातले. टेंभुर्णी म्हणजे तेंदूचे झाड. त्या झाडावरून गावाचे नाव आणि गावावरून माणसाचे. पण लगेच माळव्याची परंपरा सांगणाऱ्या पोवारांतले ‘टेंभरे’ही त्याच फांदीला टांगू नयेत. हिस्लॉप आणि डनलॉप यांचा धडा इथेही लागू पडतो.

हे सारे लिहायला निमित्त झाला एक तरुण. एका कार्यालयाने त्याच्या दाखल्यावर टेकामचे ‘टेकामे’ केले होते. वर्गातही नावावरून चेष्टा झालेली. दुरुस्तीसाठी खेटे घालण्यापेक्षा सगळ्यांसारखे एखादे आडनाव घ्यावे, असे त्याच्या मनात होते. मी त्याला हेझलच्या दरीची गोष्ट सांगितली. म्हटले, ‘‘नागपुरात लोक ज्या नावाचा रुबाब करतात, तेही झुडपाचेच. तुझा तर साग आहे.’’ तो हसला. आठवड्याभराने दुरुस्तीच्या अर्जाचा मसुदा घेऊन आला.

जाताना त्याने विचारले, ‘‘काका, आईकडचे मडावी. त्याचा अर्थ काय?’’ उत्तर जिभेवर तयार होते, कानाला गोडही होते. मी ते गिळले. म्हटले, ‘‘घरी आजीला विचार. तिला गोंडी येते.’’