वाशिष्ठीच्या काठची दोन यंत्रराज्ये: पोफळी आणि अंजनवेल

१/
भूगर्भात राहून यंत्रांच्या बळावर गणराज्य चालवणाऱ्या खुज्या कारागिरांच्या अद्भुतकथा अनेकांच्या परिचयाच्या असतात. अशा राज्यात यंत्र किती मोठे, हा प्रश्न गौण ठरतो. यंत्राची किल्ली कोणाकडे आणि त्याला जाब कोण विचारणार, हा खरा प्रश्न. रत्नागिरी जिल्ह्यातील एकाच नदीने या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे पाहिली आहेत.

२/
वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते, चिपळूणवरून वाहते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्रास मिळते. खाडीच्या उत्तर तीरावर दाभोळ, दक्षिण तीरावर अंजनवेल. अंजनवेलचा किल्ला ज्याच्या हाती, त्याच्या हाती खाडीचा दरवाजा. शिवाजी महाराज, जंजिऱ्याचे सिद्दी, तुळाजी आंग्रे, पेशवे आणि १८१८ मध्ये इंग्रज अशी त्याची मालकी फिरत गेली. ‘गोपाळगड’ हे नाव तुळाजी आंग्र्यांनी दिलेले.

३/
त्या सर्व सत्ता गलबतांवर आणि जकातीवर उभ्या होत्या. विसाव्या शतकात या नदीवर नवी सत्ता आली, ती विजेची. तिचे पहिले ठाणे नदीच्या वरच्या अंगास, चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे, डोंगराच्या पोटात उभे राहिले.

४/
कोयना ही वस्तुतः पूर्ववाहिनी नदी. कऱ्हाडला ती कृष्णेस मिळते. कोयनानगर येथे धरण बांधून तिचे पाणी अडवले गेले आणि सह्याद्री पोखरून भुयारांवाटे पश्चिमेकडे वळवले गेले. घाटमाथा आणि कोकण यांच्या उंचीतील अंतर सुमारे पावणेपाचशे मीटर. एवढ्या उंचीवरून कोसळणारे पाणी खडकात कोरलेल्या दालनातील जनित्रे फिरवते.

५/
या कामासाठी १९५९ मध्ये जागतिक बँकेने कर्ज दिले आणि १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे टप्पे वाढत गेले. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी शिवसागर जलाशयाच्या तळाशी, पाण्याखालून खडक फोडून भुयार जलाशयास जोडण्यात आले. हेच प्रसिद्ध ‘लेक टॅपिंग’. या एका टप्प्याची क्षमता १००० मेगावॅट. सर्व टप्पे मिळून ती १९०० मेगावॅटच्या पुढे जाते.

६/
या भूमिगत राज्याचा राजा कोण? एकही नाही, आणि हेच त्याच्या कारभाराचे वैशिष्ट्य. धरण पाटबंधारे खात्याचे, म्हणजे आजच्या जलसंपदा विभागाचे. जनित्रे चालवण्याचे काम पूर्वी राज्य वीज मंडळाचे, आता महानिर्मितीचे. जनित्र केव्हा सुरू करावे आणि केव्हा थांबवावे, हा आदेश येतो कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडून.

७/
या आदेशाचे महत्त्व मोठे आहे. कोळशाचे संच तापण्यास कित्येक तास घेतात. पाण्यावरची जनित्रे काही मिनिटांत पूर्ण वेगाने फिरू लागतात. सायंकाळी राज्यभर दिवे लागतात आणि मागणी एकदम चढते, तेव्हा कोयना धावून येते. म्हणून तिचे पाणी दिवसभर सारखे न सोडता त्या तासांसाठी राखून ठेवले जाते.

८/
या तिघांवरही एक मर्यादा आहे. कृष्णा खोऱ्यातील पाणी महाराष्ट्राचे एकट्याचे नव्हे; कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांचाही त्यावर हक्क. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे ६७.५ अब्ज घनफूट, इतके मर्यादित केले. हिशेबाचे वर्ष १ जून ते ३१ मे. कोटा संपत आला की जलाशयात पाणी दिसत असूनही जनित्रांचा हात आखडावा लागतो.

९/
निसर्गानेही आपला हक्क बजावला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसर भूकंपाने हादरला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली आणि धरणाच्या भिंतीस तडे गेले. भिंत नंतर मजबूत करण्यात आली. यंत्रराज्याची उभारणी ज्या खडकावर होते, तो खडक कोणत्याही करारावर सही करत नाही, हा धडा तेथे मिळाला.

१०/
आता नदीच्या दुसऱ्या टोकाकडे, अंजनवेलकडे. २० जून १९९२ रोजी महाराष्ट्राने एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी सामंजस्य करार केला. दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १०. नाव दाभोळचे असले तरी प्रकल्प उभा राहिला खाडीच्या दक्षिणेस, गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर आणि रानवी यांच्या जमिनीवर.

११/
येथे यंत्राची किल्ली करारात होती. डिसेंबर १९९३ च्या वीजखरेदी करारानुसार राज्य वीज मंडळाने वीज उचलली काय, न उचलली काय, क्षमतेचा आकार देणे बंधनकारक होते. दर डॉलरशी बांधलेला, तंटा लंडनच्या लवादापुढे. मंडळाच्या देण्यास राज्याची हमी आणि तीवर केंद्राची प्रतिहमी. कोयनेस कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेने या प्रकल्पास मात्र १९९३ मध्ये नकार दिला होता: एवढी महाग वीज एवढ्या प्रमाणात राज्यास पेलणार नाही, असा तिचा निष्कर्ष होता.

१२/
मार्च १९९५ मध्ये राज्यात सत्तांतर झाले आणि ३ ऑगस्टला प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा झाली. कंपनी लवादाकडे गेली. काही महिन्यांतच फेरवाटाघाटी होऊन करार नव्या रूपात परतला आणि एकूण क्षमता वाढून २१८४ मेगावॅट ठरली. मतपेटीने सरकार बदलले. करार मात्र बदललेल्या सरकारालाही बांधून राहिला.

१३/
गावांत विरोध धुमसत होता. मच्छीमारांना खाडीची चिंता, शेतकऱ्यांना जमिनीची आणि पाण्याची. १९९७ मध्ये निदर्शने आणि अटकसत्रे झाली. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी, तर ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. प्रकल्पस्थळी तैनात पोलिसांचा खर्च कंपनीने उचलल्यावर दुसऱ्या अहवालाने नेमके बोट ठेवले. दंडशक्ती राज्याची, वेतन कंपनीचे. जनतेने दाद मागावी कोणाकडे?

१४/
मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला. तेल महागले, रुपया घसरला, आणि दोन्हींचा भार करारान्वये मंडळावर आला. थकबाकी वाढली. मे २००१ मध्ये मंडळाने करार संपुष्टात आणल्याचे जाहीर केले आणि जनित्रे थांबली. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

१५/
माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये या व्यवहाराची चिकित्सा केली. तिने एका पक्षाला वा एका मंत्र्याला धरले नाही. राज्यातील आणि केंद्रातील एकामागून एक आलेल्या सरकारांच्या कारभाराचे हे अपयश मानले. यंत्रात दोष नव्हता. यंत्रावर नियंत्रण ठेवणाऱ्या प्रत्येक पायरीने आपला प्रश्न विचारायचे टाळले होते.

१६/
२००५ मध्ये एनटीपीसी, गेल आदींच्या सहभागाने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली आणि प्रकल्प सार्वजनिक क्षेत्राकडे आला. वायूच्या टंचाईने तो पुढेही वारंवार अडला.

१७/
म्हणून पोफळी आदर्श आणि अंजनवेल अपवाद, असा सोपा निवाडा करता येत नाही. कोयनेच्या कारभारात खाते, वीज कंपनी, प्रेषण केंद्र आणि लवाद यांनी एकमेकांस वेसण घातली, हे खरे. परंतु शिवसागराखाली ज्यांची गावे गेली, त्या धरणग्रस्तांना त्यात कोठेही आसन नव्हते. दूरच्या जिल्ह्यांत विखुरलेल्या त्या कुटुंबांची जमिनीसाठीची लढाई पुढच्या पिढ्यांना दशकानुदशके लढावी लागली.

१८/
पोफळीची जनित्रे फिरवून झालेले अवजल कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत येते आणि अखेर अंजनवेलपाशी समुद्रात जाते. एका यंत्रराज्याने अनेक किल्लेदार नेमले, दुसऱ्याने एका कागदावर सारे सोपवले. ज्यांच्या जमिनीवर यंत्र उभे राहिले, त्यांना किल्लेदारांत बसवण्याचे मात्र दोन्ही राज्यांत राहून गेले.