प्लावकता व उल्हास खाडीतील नौकाबांधणी

प्लावकता : द्रायूत (द्रवात अथवा वायूत) पूर्णतः वा अंशतः बुडालेल्या पदार्थावर खालून वर कार्य करणारी प्रेरणा. ही प्रेरणा पदार्थाने बाजूस सारलेल्या द्रायूच्या वजनाइतकी असते, हे तत्त्व ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीज (इ. स. पू. सु. २८७–२१२) यांनी तरंगणाऱ्या पदार्थांवरील आपल्या ग्रंथात मांडले. पदार्थाची सरासरी घनता पाण्याहून अधिक असल्यास तो बुडतो व कमी असल्यास तरंगतो. येथे ‘सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. लोखंडाची घनता पाण्याच्या जवळजवळ आठपट असूनही लोखंडी जहाज तरंगते, कारण त्याच्या पोकळीतील हवाही त्याच्या आकारमानात मोजली जाते.

तत्त्वाचे गणित सर्वांस ज्ञात होण्यापूर्वी शेकडो वर्षे कोकणच्या खाड्यांत त्याचा उपयोग होत होता. उल्हास नदीच्या काठचे कल्याण हे प्राचीन बंदर असून इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लसमध्ये व कान्हेरीच्या शिलालेखांत त्याचा उल्लेख येतो. सहाव्या शतकातील कॉस्मस याने येथील व्यापारी मालात पितळ, कापड व काळसर लाकडाचे ओंडके सांगितले आहेत. भोजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरू या ग्रंथात तर लाकडांचे वर्गीकरणच हलके-जड व मऊ-कठीण अशा गुणांवरून केलेले असून हलके पण कठीण लाकूड नौकेस उत्तम ठरविले आहे. त्याला दिलेली वर्णांची नावे बाजूला ठेवली, तर हा घनता व बळकटी यांचा एकत्र विचारच होय.

या कसोटीस साग चांगला उतरतो. वाळलेल्या सागाची घनता पाण्याच्या सु. ०·६५ पट असते. म्हणजे त्याचा ओंडका गोड्या पाण्यात सु. ६५ टक्के व समुद्राच्या पाण्यात (घनता १·०२५) सु. ६३ टक्के बुडून तरंगतो. ओला साग मात्र बुडूही शकतो. म्हणूनच ब्रह्मदेशात तोडीच्या दोनतीन वर्षे आधी झाडाच्या बुंध्याभोवती खाच पाडून ते उभ्यानेच वाळवीत व मग ओंडके नदीत सोडीत. निव्वळ लाकडी सांगाड्यात पाणी शिरले तरी तो तळाला जात नाही. त्याला खाली नेतात त्या तोफा, गोळे व तळाशी भरलेले दगड (नीरम). फळ्यांचे सांधे बुजविण्यास नौकाबांधणीत एवढे महत्त्व होते ते यामुळेच.

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी आदिलशाहीकडून घेतली आणि लवकरच तेथे जहाजे बांधण्यास आरंभ झाला. १६५९ मध्ये सुमारे वीस लढाऊ गलबतांच्या बांधणीसाठी रुय लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज कारागिरास साथीदारांसह कामावर ठेवले होते. उल्हासचे पाणी समुद्रास मिळण्याच्या दोन्ही वाटा पोर्तुगीजांच्या हाती होत्या. एकीवर वसई, तर दुसरीवर ठाणे. नवे आरमार आपल्या दाराशीच उभे राहत आहे हे ओळखून वसईच्या अधिकाऱ्यांनी या कारागिरांस फोडले व ते काम सोडून पोर्तुगीज मुलखात निघून गेले. बांधणी तरीही थांबली नाही. दुर्गाडी किल्ल्याखालच्या खाडीतून मराठी आरमाराचा आरंभ झाला, असे म्हणण्यास आधार आहे तो एवढ्या घटनांचा; पुढील दंतकथांची त्यास गरज नाही.

नौकेचा आकार येथे खाडीनेच ठरविला. भरती-ओहोटीत पाण्याची पातळी काही मीटरांनी बदलणाऱ्या उथळ, गाळाच्या खाडीत खोल तळाचे जहाज दिवसातून दोनदा रुतण्याचा धोका असतो. नौकेचे वजन तेच ठेवून पाण्याच्या पातळीवरील तिची रुंदी वाढविली, तर तेवढेच पाणी कमी खोलीत सारले जाते व डूब (पाण्याखालील भागाची खोली) घटते. गुराब लांबीच्या मानाने फार रुंद असून तिला पाणी थोडे लागे, असे अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांनी नोंदविले आहे. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांपेक्षा मोठे व वल्ह्यांनी चालणारे. रुंदीमुळे नौका सहसा कलंडत नाही, मात्र तळ उथळ असल्याने जोराच्या वाऱ्यात ती आडवी वाहत जाते. खुल्या समुद्रावर हा दोष, तर खाडीत तोच गुण ठरे. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी खांदेरीजवळील लढाईत मराठ्यांनी इंग्रजांची ‘डोव्हर’ ही गुराब पकडली आणि नंतर ‘रिव्हेंज’च्या तोफांपुढे माघार घेताना आपला काफिला नागोठण्याच्या उथळ खाडीत नेला. खोल डुबीच्या जहाजांना तेथवर त्यांचा पाठलाग करता येईना.

समुद्रातून खाडीत वर येताना पाणी गोडे होत जाते व नौका किंचित अधिक बुडते. सरळ बाजूंच्या नौकेची डूब समुद्रात दोन मीटर असेल, तर गोड्या पाण्यात ती सु. पाच सेंमी. वाढते. हा फरक अल्प वाटतो. पण काठोकाठ भरलेल्या नौकेस तो भोवतो. ब्रिटनच्या १८७६ च्या कायद्याने सक्तीच्या झालेल्या भाररेषेत पुढे गोड्या पाण्यासाठी वेगळी खूण आली, ती यामुळेच.

खाऱ्या पाण्याच्या घनतेचे खरे जाणकार मात्र नावाड्यांपेक्षा मिठागरे पिकविणारे. आगर या शब्दावरूनच आगरी हे नाव आले आहे. भाईंदर, भांडुप या बाजूंच्या मिठागरांत समुद्राचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात नेत आटवीत. आँत्वान बोमे यांनी १७६८ मध्ये तयार केलेल्या घनतामापकावर समुद्राचे पाणी सु. ३ अंश दाखविते, तर मीठ धरू लागते ते सु. २५ अंशांना, म्हणजे घनता १·२१ च्या सुमारास झाल्यावर. समुद्राच्या पाण्यात बुडणारे ताजे अंडे अशा पाण्यात वर येते. घनतामापकाचे तत्त्वही तेच. द्रव जितका घन, तितकी नळी कमी बुडते.

१ मे १८५४ रोजी लोहमार्ग ठाण्याहून खाडी ओलांडून कल्याणास पोहोचला आणि माल गलबताऐवजी वाघिणीत भरला जाऊ लागला. गाळाने उथळ होत गेलेल्या पात्रात लहान होड्या व पडाव तेवढे टिकले. मुंब्रा-डोंबिवलीच्या रेतीबंदरांशी खाडीच्या तळातून काढलेल्या रेतीची वाहतूक पडावांनी चाले. ओल्या रेतीची घनता पाण्याच्या सु. दुप्पट असल्याने पोकळीचा निम्म्याहून कमी भाग भरताच पडावाची कड पाण्याच्या जवळ येई.